काचेला फिल्म लावली म्हणजे दुकान वाचलं का? आधी मिनिटांचा हिशेब करा

यवतमाळ : ‘शटर वाकवून दुकान फोडलं’, ‘गॅस कटरनं एटीएम कापलं’ अशा बातम्या आपल्या जिल्ह्यात नवीन नाहीत. तालुका बदलतो, दुकानाचं नाव बदलतं, बातमी तीच राहते. पण मागच्या काही वर्षांत बाजारपेठेचं रूप बदललं. वणी असो, पुसद असो, दिग्रस असो की पांढरकवडा, जिथं आधी लाकडी फळ्यांची नाही तर साध्या शटरची दुकानं होती, तिथं आता समोरून पूर्ण काच आली. मोबाईलचं दुकान, कापडाचं दुकान, दुचाकीचं शोरूम, पतसंस्था, सराफ, सगळ्यांना काच पाहिजे. गिऱ्हाईकाला बाहेरून माल दिसतो, एसीची हवा आत राहते. पण काच आली तशी काच फुटण्याची भीतीही आली.

त्यावर उपाय म्हणून ‘सिक्युरिटी फिल्म’ विकली जाते आहे. मोबाईलवर व्हिडिओ फिरतात. एक माणूस काचेवर हातोडा मारतो, काच तडकते, पण खाली पडत नाही. व्हिडिओ पाहून दुकानदार म्हणतो, चला, आपल्यालाही लावून घेऊ. फिल्म खोटी नाही. पण ती काय करते आणि काय करत नाही, हे समजून न घेता पैसे टाकले तर नुसतं समाधान विकत घेतल्यासारखं होईल.

फिल्म नेमकी काय करते?

जीपची किंवा एसटीची समोरची काच आठवा. दगड लागला की कोळ्याच्या जाळ्यासारखी तडकते, पण जागेवर राहते. कारण त्या काचेत दोन पातळ काचांच्या मध्ये प्लास्टिकचा थर असतो. याला लॅमिनेटेड काच म्हणतात. त्याच गाडीची बाजूची काच फुटली तर तिचे साखरेच्या खड्यासारखे तुकडे होऊन खाली सांडतात. ती टफन काच. दोन्ही मजबूत, पण फुटायची रीत वेगळी.

सिक्युरिटी फिल्म म्हणजे आधीच बसलेल्या काचेला मागून तो प्लास्टिकचा थर चिकटवणं. ही फिल्म पॉलिस्टरची असते. काच फुटते, फुटणारच. पण तुकडे फिल्मला धरून राहतात, त्यामुळे एका फटक्यात माणूस आत जाईल एवढं भोक पडत नाही. चोराला त्याच जागी पुन्हा पुन्हा मारावं लागतं, कापावं लागतं, ओढावं लागतं. यात वेळ जातो आणि आवाज होतो. फिल्म विकत घेतो म्हणजे आपण हा वेळ आणि हा आवाज विकत घेतो, दुसरं काही नाही.

जाडीचा हिशेब शेतकऱ्याला सांगायची गरज नाही. आपण मायक्रॉन शेतातच शिकलो. मल्चिंग पेपर २५-३० मायक्रॉनचा, शेततळ्याचं अस्तर ५०० मायक्रॉनचं. ऊन अडवायची साधी सनकंट्रोल फिल्म साधारण ५० मायक्रॉनच्या आत-बाहेर असते. सिक्युरिटी फिल्म १०० मायक्रॉनपासून सुरू होते. चोरी अडवायची म्हटलं तर २०० ते ३०० मायक्रॉनची बोली करावी लागते. आपल्या इकडे होणारी गडबड इथंच आहे. काळी सनकंट्रोल फिल्म लावून दिली जाते आणि बिलावर ‘सिक्युरिटी’ लिहिलं जातं. ऊन अडतं, हातोडा अडत नाही.

शेततळ्याच्या कडेची गोष्ट

शेततळ्याचं अस्तर टाकताना आपण काय करतो? चारही बाजूंनी चर खोदतो, कागदाची कड त्यात दाबतो, वरून माती भरतो. नुसता कागद अंथरला आणि कड दाबली नाही तर पाणी भरलं की सगळा कागद खाली घसरतो.

फिल्मचंही हेच आहे. नुसती काचेच्या दिसणाऱ्या भागावर चिकटवली, तर काच फुटल्यावर फिल्म आणि तुकडे मिळून गोधडीसारखी एकच चादर होते. दोन-चार लाथा मारल्या की ती अख्खी चादर चौकटीतून आत पडते. टफन काचेला हा धोका जास्त, कारण ती एका टोकदार फटक्यात सगळीच्या सगळी फुटते. म्हणून फिल्मची कड चौकटीला बांधावी लागते. खास मजबूत सिलिकॉन भरून किंवा पट्टी कसून फिल्म ॲल्युमिनियमच्या चौकटीशी जोडतात. चौकट भिंतीत पक्की बसलेली पाहिजे. नाही तर काच राहील आणि चौकट निघून येईल.

बँकांच्या एटीएमबाबत रिझर्व्ह बँकेनं १४ जून २०१९ ला जो आदेश काढला, त्याच्या मागंही हाच विचार होता. विमानतळासारख्या कडक बंदोबस्ताच्या जागा सोडून बाकी सगळी एटीएम ३० सप्टेंबर २०१९ पर्यंत भिंतीला, खांबाला किंवा जमिनीला पक्की बसवा, असं बँकांना सांगितलं गेलं. कारण चोर मशीन फोडत बसत नव्हते, मशीनच उचलून नेत होते. वस्तू कितीही मजबूत असो, ती जिथं बांधली तिथं कच्ची असेल तर उपयोग शून्य.

कागदावर काय मागायचं?

चोरी अडवणाऱ्या काचेसाठी युरोपात ईएन ३५६ नावाचं मानक आहे. फिल्मच्या कागदांवरही ते दिसतं. त्यात ४.११ किलोचा लोखंडी गोळा काचेवर टाकून पाहतात. पहिल्या पायरीला दीड मीटरवरून तीन वेळा, दुसऱ्या पायरीला ३ मीटरवरून तीन वेळा, पुढं ६ आणि ९ मीटरवरून. त्याच्याही वरच्या पायऱ्यांना कुऱ्हाडीचे घाव मोजतात. तिथं ३० पेक्षा जास्त घाव सोसावे लागतात.

साध्या काचेला फिल्म लावून जे मिळतं ते बहुतेक खालच्या पायऱ्यांवरचं असतं. कुऱ्हाडीच्या पायऱ्या जाड लॅमिनेटेड काचेच्या आहेत. म्हणून कोणी ‘ही फिल्म लावली की काच फुटतच नाही’ असं सांगत असेल, तर त्याला एवढंच विचारा : कोणती पायरी, कोणत्या जाडीच्या काचेवर आणि कड बांधून की न बांधता? उत्तर कागदावर मागा. नवीन दुकान बांधत असाल तर फिल्मचा विचार करण्याआधी लॅमिनेटेड काचेचा भाव काढून पाहा. फिल्म हा मुख्यतः आधीच बसलेल्या काचेचा उपाय आहे.

सनीवेल आणि सांगली

सांगलीत १८३२ मध्ये सुरू झालेल्या गाडगीळ सराफांचं नाव महाराष्ट्रात सगळ्यांना माहीत आहे. पीएनजी ज्वेलर्सचं एक दुकान अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सनीवेल गावात आहे. १२ जून २०२४ ला भर दुपारी तोंड झाकलेले सुमारे २० जण हातोडे घेऊन तिथं घुसले. आतल्या काचेच्या पेट्या फोडल्या, दागिने पिशव्यांत भरले आणि काही मिनिटांत गाड्यांतून पसार झाले. पोलिसांनी पाठलाग करून पाच जणांना त्याच दिवशी पकडलं.

अमेरिकेत रस्ते चांगले, पोलिसांच्या गाड्या भरपूर, पाठलाग लगेच झाला. तरी वीसपैकी पाचच हाती लागले. चोरांचा सगळा डाव मिनिटांवर होता. प्रत्येक पेटीला एक फटका आणि माल बाहेर, हे गणित जमलं म्हणून डाव जमला. पेटीच्या काचेला एकाऐवजी दहा फटके लागले असते, तर तेवढ्या वेळात तेवढा माल गेला नसता. दर्शनी काचेइतकाच आतल्या पेटीच्या काचेचा विचार सराफानं करावा, तो यासाठी.

दुसरी घटना खुद्द सांगलीतली. ४ जून २०२३ ला तिथल्या रिलायन्स ज्वेल्सवर दरोडा पडला. दरोडेखोर पोलीस असल्याचं सांगून सरळ दारातून आत शिरले. दार उघडून आत घेतलेल्या माणसाला दर्शनी काच कशी अडवणार? जो रस्ता चोर निवडतो, तोच रस्ता बंद केला तर खर्चाचा उपयोग.

आपल्याकडे चोर कुठून येतो?

खरा प्रश्न हा आहे. आपल्या तालुक्याच्या बाजारपेठेत बहुतेक दुकानांना रात्री काचेच्या पुढे शटर असतं. शटरला कुलपं दोन बाजूंना. मधला भाग मोकळा. चोर मध्ये पहार किंवा जॅक लावतो, पट्टी वर वाकवतो आणि बारीक माणूस आत सरकतो. काही दुकानांत वरची टिनं काढून उतरतात, काही ठिकाणी मागच्या भिंतीला भगदाड पाडतात. ज्याच्या दुकानाला मागून कच्ची भिंत आहे त्यानं समोरच्या काचेला भारी फिल्म लावणं म्हणजे फाटकाला कुलूप लावून कुंपण उघडं ठेवणं.

म्हणून खर्चाचा क्रम ठरवा. पहिलं, शटरला मधोमध जमिनीत अडकणारं सेंटर लॉक. दुसरं, शटरच्या आत चॅनल गेट. तिसरं, मागची भिंत आणि छत. चौथं, वाजणारा अलार्म. त्याला बॅटरी पाहिजे, कारण लाईन जाते तेव्हाच चोराला बरं वाटतं. यानंतर काच. ज्यांना शटरच नाही, म्हणजे काही शोरूम, पतसंस्था, एटीएमच्या खोल्या, त्यांच्यासाठी मात्र काच पहिल्या नंबरवर येते.

वीस मिनिटं आणि दोन मिनिटं

आता मुख्य हिशेब. समजा गाव पोलीस ठाण्यापासून १५ किलोमीटरवर आहे. रात्री दोन वाजता कोणी ११२ वर फोन केला. गाडी ठाण्यातच उभी आहे, लगेच निघाली, आपल्या रस्त्यांवर ताशी ४५ च्या वेगानं आली, तरी २० मिनिटं लागतात. ती गस्तीवर दुसऱ्या टोकाला असेल तर आणखी वेळ.

नीट बसवलेली फिल्म चोराला किती वेळ अडवेल? हत्यार, जाडी, बांधणी यावर ते ठरतं, पण गोष्ट मिनिटांचीच आहे. दोन मिनिटं धरा, फार तर चार-पाच. म्हणजे फिल्म आणि पोलीस यांची भेटच होत नाही. मधली पंधरा मिनिटं उरतात. तेवढ्यात गाडी हायवेला लागते. पांढरकवड्याकडून राष्ट्रीय महामार्ग ४४ धरला की पैनगंगा ओलांडून तेलंगणा. वणीकडून चंद्रपूर जिल्हा. उमरखेडकडून नांदेड जिल्हा. हद्द बदलली की तपास लांबतो.

पण फिल्म आणि शेजारी यांची भेट होऊ शकते. दोन मिनिटांत समोरच्या माडीवरचा लाईट लागू शकतो. चौकातला गुरखा शिट्टी मारू शकतो. दहा जणांचे फोन वाजू शकतात. चोराला मार खाण्याची भीती पोलिसांच्या गाडीपेक्षा माडीवरच्या लाईटची जास्त असते. म्हणून जिथं ऐकणारं कोणी नाही, तिथं फिल्मचा फायदा अर्धाही नाही. हायवेवर एकट्या उभ्या असलेल्या दुकानानं हे खास लक्षात घ्यावं.

यासाठी कायद्यात जागा आहे. महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१ च्या कलम ६३ ब मध्ये ग्रामसुरक्षा दलाची तरतूद आहे. पोलीस अधीक्षकांच्या अधिकारात हे दल उभं राहतं. गावात पोलीस पाटील आहेतच. पण बऱ्याच गावांत दल चोऱ्या वाढल्या की जागं होतं आणि महिनाभरात झोपतं. एक गोष्ट ध्यानात ठेवा, दलाचं काम ओरडणं, लाईट लावणं, गाडीचा नंबर टिपणं आणि ११२ ला कळवणं हे आहे. सापडलेल्या माणसाला मारणं हे काम नाही. संशयावरून परक्या माणसाला मारहाण झाली तर गुन्हा गावकऱ्यांवर दाखल होतो, मग तो चोर असो की रस्ता चुकलेला फिरस्ता.

हे दुकानदाराचंच दुखणं नाही

काही वाचक म्हणतील, राजेहो, दुकान त्यांचं, माल त्यांचा, आम्हाला काय? तर कृषी केंद्राचं उदाहरण घ्या. २०२५ च्या खरिपात बीटी कपाशीच्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटाचा कमाल भाव ९०१ रुपये होता. शंभर पाकिटं म्हणजे नव्वद हजारांच्या वर, आणि ती एका माणसाला उचलता येतात. मृगाच्या तोंडावर असं दुकान फुटलं तर दुकानदाराचं भांडवल जातंच, पण त्याच्या उधारीवर पेरणी करणारे शेतकरीही अडकतात. ज्याचाच हात रिकामा झाला तो उधारी कुठून देणार?

सराफाचं तर आणखी नाजूक. २०२० च्या सुरुवातीला सोनं दहा ग्रॅमला ४० हजारांच्या आसपास होतं. एप्रिल २०२५ मध्ये ते एक लाखाच्या वर गेलं. म्हणजे दुकानात तेवढंच वजन ठेवलं तरी जोखीम अडीच पट झाली, दरवाजा मात्र जुनाच राहिला. त्यात परवानाधारक सावकाराकडे गहाण ठेवलेले दागिने असतात. ते दुकानदाराचे नसतात, आपल्या घरातल्या बायांचे असतात. गहाण ठेवताना वजनासह पावती घ्या, आणि माल रात्री कुठं ठेवता, विमा आहे का, हे विचारायला लाजू नका. दुकानदारानं रात्री माल पेटीत किंवा काचेमागं ठेवूच नये, जमिनीत पक्क्या केलेल्या तिजोरीत टाकावा. रिकामी पेटी दिसली तर काच फोडायचं कारणच उरत नाही.

विमा आणि एफआयआर

बँकेचं कर्ज आहे म्हणून विमा निघालेला असतो, पण तो आगीचा असतो. त्यात घरफोडी आहे का, हे पॉलिसी उघडून पाहा. काचेचा विमाही वेगळा घेता येतो. घरफोडीच्या पॉलिसीत चोर जबरदस्तीनं आत शिरल्याची अट असू शकते. ती अट पॉलिसीत असेल तर तिचे शब्द पाळावेच लागतात, असं सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये हरचंद राय चंदनलाल प्रकरणात सांगितलं आहे. म्हणून दुकान फुटलं तर झाडू मारायची घाई करू नका. वाकलेलं शटर, तडकलेली काच, तुटलेलं कुलूप तसंच ठेवा, फोटो काढा, पंचनामा होऊ द्या. फिल्म लावलेली काच जागेवर लटकून राहते, हा पुरावाच असतो.

१ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू आहेत. रात्री घरफोडी करून चोरीच्या इराद्यानं शिरल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३१ (४) खाली १४ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. माल ठेवायच्या इमारतीतून चोरी केल्यास कलम ३०५ खाली ७ वर्षांपर्यंत. आधीची ४५७ आणि ३८० ही कलमं तीच. फिर्याद ऑनलाईनही देता येते, मात्र तीन दिवसांत सही करावी लागते. हद्दीचं कारण सांगून कोणतंही ठाणं परत पाठवू शकत नाही.

आणखी एक गैरसमज. ‘फिल्मवर तर बंदी आहे ना?’ असं काही जण विचारतात. सर्वोच्च न्यायालयाचा २७ एप्रिल २०१२ चा आदेश गाड्यांच्या काचांवरच्या काळ्या फिल्मबाबत आहे, दुकानाच्या काचेबाबत नाही. तरी दुकानाला काळी फिल्म लावू नये. रात्री गस्तीच्या माणसाला रस्त्यावरून आतलं दिसलं पाहिजे. काळ्या काचेआड चोर निवांत काम करतो. शिवाय आपल्याकडच्या ४४-४५ अंशांच्या उन्हात गडद फिल्मनं काच जास्त तापते आणि काही काचा आपोआप तडकतात. पारदर्शक फिल्मच घ्या.

लावायचीच असेल तर

- चौरस फूट मोजून दोन-तीन ठिकाणी भाव काढा. भावात जाडी किती मायक्रॉन आणि कड चौकटीला बांधून देणार का, हे दोन्ही लिहून घ्या.
- फिल्मचा तुकडा मागा. वरचा सोलायचा कागद काढून लेथवाल्याच्या मायक्रोमीटरवर मोजा. पाच मिनिटांचं काम आहे.
- फिल्म आतून लावा. बाहेरून ऊन-पावसानं लवकर खराब होते, आणि चोराच्या हाताला कड लागते.
- धूळ उडत असेल त्या दिवशी काम नको. जाड फिल्म पूर्ण पकडायला महिना, पावसाळ्यात त्याहून जास्त लागू शकतो. म्हणून दिवाळीच्या आदल्या आठवड्यात नाही, आधीच लावून घ्या.
- दुकानात रात्री माणूस झोपत असेल तर दुसरा बाहेर पडायचा रस्ता आणि आतून उघडणारं दार ठेवा. आग लागली तर हीच काच आतल्या माणसालाही लवकर फोडता येणार नाही.

एकेका दुकानदारानं एकट्यानं फिल्म लावून घेतली तर चोर पुढच्या दुकानात जाईल, एवढंच होईल. त्यापेक्षा बाजारपेठेतल्या व्यापाऱ्यांनी ठाणेदारांना बोलावून एक बैठक घ्यावी. गुरख्याचा पगार कोण किती देणार, अलार्म वाजला तर पहिला फोन कोणाला, रात्री कोणत्या माडीवर कोण असतं, हे त्या बैठकीत ठरवून कागदावर उतरवावं. कोणत्या दुकानाला फिल्म पाहिजे आणि कोणाचं सेंटर लॉकवर भागतं, हेही तिथंच समजेल. ही बैठक फुकट होते, आणि फिल्मनं मिळवून दिलेल्या दोन मिनिटांचं काय करायचं ते तिच्यातच ठरतं.